यादीतली शेवटची ओळ

मी स्वभावाने चिडका. माझ्या प्रोग्रॅमला कुणी नावं ठेवली की माझा पारा चढतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी कामगारांच्या हजेरीचा प्रोग्रॅम बसवला, तेव्हा गेटवरचा वॉचमन म्हणाला, "सायेब, वही ऱ्हाऊ द्या की बाजूला." मी ती वही त्याच्या हातातून काढून कपाटात टाकली. दोन-दोन ठिकाणी लिहायचं तर मी कशाला, असं सुनावलंही.

काम तसं सोपं होतं. गेटवरच्या यंत्रावर अंगठा टेकवला की माझा प्रोग्रॅम डेटाबेसला निरोप द्यायचा, हा माणूस आत आला. डेटाबेसशी बोलायचे नियम ठरलेले असतात. आधी जोडणी उघडायची, मग काय ते लिहायचं आणि शेवटी 'कमिट' म्हणायचं, म्हणजे ते पक्कं होतं. तोवर लिहिलेलं फक्त त्या एका जोडणीला दिसतं. बाकी जगासाठी ते घडलेलंच नसतं. मला हे तोंडपाठ होतं, हाताखालच्या पोरांना शिकवायचोही.

बसवून आठवडाही झाला नव्हता, मी रोज तिथे जात होतो. जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास एक बाई डबा घेऊन गेटवर आली. तिचा नवरा पहिल्या पाळीचा विणकर. सायकल पंक्चर निघाली म्हणून घाईघाईने चालत निघाला आणि डबा घरीच राहिला. सुपरवायझरने ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बघून मान हलवली. "आज आलाच न्हाय ओ त्यो."

"आवो, सकाळीच निघाल्यात की घरातनं," ती म्हणाली.

मी शेडमध्ये गेलो. त्याचे चारही माग चालू होते. समोर माणूस नाही आणि धाग्याचे धोटे इकडून तिकडे पळतायत, टॉवेल विणला जातोय. माझ्या अंगावर काटा आला. शेजारचा त्याचा जोडीदार आपल्या मागांबरोबर तेही सांभाळत होता. इथली रीतच ती. जोडीदार जागेवर नसला तरी त्याचा माग थांबू द्यायचा नाही, आणि कुणी विचारलं तर 'आलाय' म्हणायचं. "आलाय की. आत्ता हितंच हुता," तो म्हणाला. सुपरवायझर हसला. "ह्यो मेलेल्याला बी आलाय म्हनंल!" वॉचमनला विचारलं, तर त्याने माझ्याकडेच पाहिलं. "पयलं तोंड बघून लिवायचो, सायेब. आता यंत्र बघतंय."

मी गेटवरच्या कॉम्प्युटरसमोर बसलो. यादीच्या शेवटच्या ओळीत त्याचं नाव होतं. आत आल्याची वेळ होती, बाहेर गेल्याची नव्हती. उठून ऑफिसात गेलो. तिथे नाव नाही. परत गेटवर आलो. नाव आहे. डेटाबेस एकच. सोलापूरच्या भर उन्हात तीनदा ये-जा केली. एका पडद्यावर माणूस आत आलेला, दुसऱ्यावर तो नाहीच.

मग उमगलं. मी कमिट चुकीच्या जागी लिहिलं होतं. मागून येणाऱ्याने अंगठा लावला की त्याच्या आधीच्याची नोंद पक्की व्हायची. पाळीत जो सगळ्यात शेवटी येईल, त्याची नोंद पुढची पाळी येईपर्यंत लटकत राहायची, फक्त गेटवरच्या जोडणीला दिसायची. रोज कुणीतरी शेवटचा असायचाच, पण त्याला शोधत कुणी आलं नव्हतं.

आता इथे लपवण्यात अर्थ नाही. मी प्रोग्रॅम बंद केला. सवयीने केला, असं पुष्कळांना सांगितलंय. खरं म्हणजे मला लाज वाटली होती. बंद केला की कच्ची नोंद पुसली जाते, हे मला ठाऊक होतं. पुन्हा चालू केला तेव्हा ती ओळ गेली होती. दोन्ही पडदे आता एकच सांगत होते. तो आलाय हे जाणणारे दोघेच उरले. एक तो जोडीदार, ज्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं, आणि दुसरा मी.

वॉचमनने चहा आणून दिला. मी तो प्यायलो. अख्खा. समोर ती बाई डब्याच्या फडक्याची गाठ सोडत होती, पुन्हा बांधत होती. "बार्शीला भावाकडं गेला असंल, तितं बगा," सुपरवायझर तिला म्हणाला. तिने चपला पायात सरकवल्या. तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. "ते आत आलेत. मी नाव बघितलंय. चूक माझी आहे."

तो सुताच्या गोदामात, पोत्यांच्या थप्पीमागे सापडला. उजवं अंग लुळं पडलेलं, डोळे टक्क उघडे. त्या गोदामाची खिडकी गेटच्या बाजूलाच उघडते. बायकोचा आवाज त्याला सगळा वेळ ऐकू येत असणार. "जरा आधी आणलं असतं तर," डॉक्टर म्हणाले.

महिन्याभराने मी त्याच्या घरी गेलो. वाचा गेली होती. तो भिंतीला टेकून बसला होता आणि डाव्या हाताचा अंगठा मांडीवर टेकवत होता, उचलत होता, पुन्हा टेकवत होता.

"दिसभर असंच करत्यात," त्याची बायको म्हणाली. मग त्याच्याकडे वळून जरा मोठ्याने बोलली, "ह्या सायबांनीच नाव बघितलं हुतं तुमचं. न्हायतर मी बार्शीला हुडकत बसले असते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. अंगठा थांबला.

तिने माझ्यापुढे चहाचा कप ठेवला. "घ्या की," ती म्हणाली, "गार हुईल."