बाजूचे दोन स्क्रीन

"मास्तरांनी आपल्या माणसासाठी मशीनला नावं ठेवली. सिद्राम गाडी पळवणाराच होता. मशीननं पकडलं, एवढंच."

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचे मालक प्रकाशशेठ ही हकीकत आजही चहाला बसले की सांगतात. ऐकणारे माना डोलावतात. तिच्यातला एकच भाग खरा आहे: सिद्राम माझ्या हाताखाली शिकला होता. बाकीच्याचा समाचार घेणे मला भाग आहे, कारण सोलापुरात अवजड वाहने शिकवण्यात माझी हयात गेली आणि वेग म्हणजे काय हे मला कोणी चहाच्या कपावर शिकवू नये.

सिद्राम वळसंगचा. कित्येक वर्षे लाईनवर, म्हणजे लांब पल्ल्याचा ट्रक चालवत होता. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याला स्टाफ बससाठी ड्रायव्हर हवे होते. त्याला ती नोकरी पगारासाठी नको होती. संध्याकाळी घरी जेवायला मिळेल, एवढेच त्याचे म्हणणे होते. निवड आमच्या सिम्युलेटरवर व्हायची होती.

हा सिम्युलेटर मुळात रेसिंगचा. शेठनी तो हौसेने आणला आणि मग शिकवण्याच्या कामाला लावला. खुर्ची, स्टिअरिंग, पेडल आणि तीन स्क्रीन: एक समोर, दोन बाजूंना तिरके. वेगाची परीक्षा साधी होती. स्क्रीनच्या कोपऱ्यात वेगाचा आकडा दिसतो, त्यावर कागद चिकटवायचा. उमेदवाराने केवळ अंदाजाने चाळीसचा वेग राखायचा. खरा आकडा लॅपटॉपवर परीक्षकांना दिसतो.

परीक्षेच्या दिवशी बाजूचे दोन्ही स्क्रीन जागेवर नव्हते. कारखान्याचे साहेब येणार म्हणून शेठनी ते हॉलमध्ये नेले होते, शाळेचे फोटो दाखवायला. सिम्युलेटरला मधला एकटाच उरला.

सिद्राम बसला. लॅपटॉपवर आकडा चाळीसला आला, थांबला नाही. पन्नास झाला, साठ ओलांडला. मी त्याला नीट ओळखत होतो. हा माणूस शाळेसमोरून बैलगाडीच्या चालीने ट्रक नेणारा. उतरल्यावर तो गोंधळून म्हणाला, "मास्तर, गाडी पळंनाच की. पाय दाबतोय तरी हितंच हाय असं वाटतंय."

तेव्हा मी खुर्चीत बसून पाहिले. तो खरे बोलत होता.

हे सामान्य वाचकाला समजणे अवघड नाही. चित्रात आपल्याला किती रुंद जग दिसते, त्याला फील्ड ऑफ व्ह्यू म्हणतात. आता धावत्या गाडीत बसल्याचे आठवा. दूरचा रस्ता जवळपास जागीच असतो. झपाट्याने मागे सरकतात ती कडेची झाडे, मैलाचे दगड, दुकानांच्या पाट्या. वेग आपल्याला डोळ्यांच्या कडेने कळतो. टांग्याच्या घोड्याला बांधतात तशी झापडे माणसाला बांधली की साठचा वेगही सावकाश वाटू लागतो. बाजूचे स्क्रीन काढून आम्ही सिद्रामला तेच केले होते.

मी शेठना म्हणालो, स्क्रीन परत लावा आणि परीक्षा पुन्हा घ्या.

"मास्तर, बाजूला बघायचं कशाला? रस्ता समोरच असतोय की."

मी म्हणालो, "मग तुमच्या गाडीच्या बाजूच्या काचांना उद्या पत्रा मारून घ्या."

हे मी पाहुण्यांसमोर बोललो. शेठचा चेहरा उतरला आणि तिथेच माझा मुद्दा बुडाला. कारखान्याच्या एचआर मॅडमनी मला शांतपणे विचारले की बाकीचे दोघे उमेदवार त्याच स्क्रीनवर पास कसे झाले. दोघे तरणे होते. मोबाईलच्या चौकटीत गाड्यांचे गेम खेळून हात बसलेला. सिद्रामचा हात रस्त्यावर बसला होता. हे मी सांगितले, पण माझा आवाज तोवर चढला होता आणि चढलेल्या आवाजातले खरेही कोणाला ऐकू जात नाही. दोघांना नोकरी मिळाली. सिद्रामच्या नावापुढे 'ओव्हरस्पीड' असा शेरा पडला. तो पुन्हा लाईनवर गेला.

स्क्रीन जागेवर आल्यावर मी त्याला निरोप धाडला. ट्रक बाहेर उभा करून तो तसाच आत आला. अंगावर प्रवासाची धूळ होती. शेठ मजा बघायला उभे राहिले. बसल्या बसल्या सिद्राम म्हणाला, "आता पळतीया बगा." आकड्यावर कागद चिकटवलेलाच होता, त्याने अंदाजाने गाडी चालवली. उतरला, मला नमस्कार केला आणि जागा भरल्या का, असे विचारले. भरल्या होत्या. तो निघून गेला.

शेठ आता सांगतात की तो सराव करून आला होता. सराव कुठे करणार? असे मशीन त्यांच्याशिवाय इथे कोणाकडे आहे? मी या वादात आणखी बोलणार नाही. सिद्राम गाडी चालवत असताना कोपऱ्यातल्या आकड्यावरचा कागद मी काढला नाही. तो प्रकाशशेठनी स्वतःच्या हाताने काढला, आणि त्याखाली चाळीस होते.