रुमाल काढून

शमुवेल सर शेवटपर्यंत परमनंट झाले नाहीत.

परवा गेले.

कॉलेजच्या ग्रुपवर परवापासून हात जोडलेले इमोजी पडतायत. दोन ओळी कुणी लिहिल्या नाहीत. म्हटलं, आपणच लिहू. खरं सांगते, त्याचाही कंटाळा आलाय. या वयात सारखं कुणीतरी जातंच.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. धुळ्याच्या कॉलेजात, बी.कॉम.च्या वर्गात मी एकटी मुलगी. आमची कापसाची आडत. बाबूजी, म्हणजे माझे वडील, कॉलेजच्या कमिटीवर. त्यामुळे मला त्रास द्यायची कुणाची टाप नव्हती.

सर ख्रिश्चन. विषय कॉमर्स. नोकरी टेम्पररी.

चर्चमधले वडीलधारे त्यांना म्हणायचे, "पैशाचं शिकवतोस, देवाचं कधी सांगणार?"

कॉलेजात म्हणायचे, "हा देवाचंच सांगतो, कॉमर्स कधी शिकवणार?"

सर दोन्हीकडे हसून घ्यायचे. पण थकायचे. ते दिसायचं.

आणि गंमत म्हणजे वर्गात त्यांनी धर्माचं अवाक्षर काढलेलं मला आठवत नाही. एक दिवस सोडून.

त्याच्या आदल्या दिवशी ते आम्हाला मार्केटमध्ये घेऊन गेले होते. पुस्तकातला बाजार झाला, आता खरा बघा म्हणाले.

तेव्हा कापसाचा भाव रुमालाखाली ठरायचा. आडत्या आणि व्यापारी एकमेकांचा हात धरणार, वर रुमाल टाकणार, आत बोटं दाबून सौदा. किती ठरला ते त्या दोघांनाच ठाऊक. शेतकऱ्याला मागाहून सांगतील तो भाव.

गाडीवर एक म्हातारे शेतकरी बसले होते. सरांनी विचारलं, "आबा, काय भाव ठरला?"

"आमले काय माहीत, मास्तर? त्या हात धरतस, आमी तोंड देखतस. कापूस बठ्ठा मना शे, भाव मातर त्यास्ना शे."

कापूस सगळा त्यांचा, भाव मात्र दुसऱ्यांचा. पोरं हसली. मी नाही हसले. त्या रुमालाखालचा एक हात बाबूजींचा होता.

दुसऱ्या दिवशी सरांनी खिशातला रुमाल काढून टेबलावर पसरला.

"आजपासून कुठलाही धडा असो. जाहिरात, भागीदारी, नफा. मी एकच विचारणार. हाच व्यवहार रुमाल काढून करता येईल का?"

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, हे सिलॅबसमध्ये आहे का?"

"नाही. मी जिथे गुडघे टेकतो, तिथून आलंय. रुमालाखालचंही देवाला दिसतं असं मी मानतो. रविवारी ते मानायचं आणि सोमवारी इथे येऊन वेगळं शिकवायचं, मला जमत नाही. तुम्ही आपापल्या देवघरात विचारून बघा. उत्तर वेगळं आलं तर मला सांगा. मलाही शिकायचंय."

मी आमच्या देवघरात विचारलं. उत्तर वेगळं आलं नाही.

वर्गात बहुतेक व्यापाऱ्यांची पोरं. ती घरी जाऊन बापाला विचारायला लागली. मग काय, बाजारभर बोंब. पाद्री पोरं बाटवतोय.

नेमकी तेव्हाच सरांच्या कायम होण्याची ऑर्डर निघायची होती.

बाबूजींनी त्यांना घरी बोलावलं. चहा मीच नेला, आणि दाराशी उभी राहिले.

बाबूजी गोड बोलले. त्यांना ते छान जमायचं.

"सर, ऑर्डर तयार आहे. फक्त ते मार्केट दाखवणं बंद करा. आणि तो रुमाल. ही गोष्ट आपल्या दोघांत राहू द्या."

सरांनी चहा संपवला. कप बशीत ठेवला.

"शेठजी, घरी दोन लहान मुली आहेत. मला ही ऑर्डर फार हवी होती." मग म्हणाले, "उद्या मुलं विचारतील, बंद का केलं. हे आपलं ठरलेलं वर्गात सांगू का?"

"छे छे. वर्गात कशाला?"

"मग नाही जमणार."

जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, "चहा चांगला होता, बेटा." मला तेव्हा बाबूजींचा भयंकर राग आला होता.

वर्ष संपलं, सरांची नोकरीही संपली. पुढे कुठे लीव्ह व्हेकन्सी, कुठे तासांवर. जळगावपर्यंत एस.टी.ने जायचे, शिकवून परत. कापूस बाजारावर पीएच.डी. करत होते. गाइड म्हणाले, शेवटचं देवाधर्माचं चॅप्टर काढा, बाकी उत्तम आहे. त्यांनी काढलं नाही. पीएच.डी. राहिली.

शेवटी चांगल्याचं चांगलं झालं, असं लिहायला मलाही आवडलं असतं. तसं काही झालं नाही. बाजारातला रुमालही गेला तो सरकारी नियमाने. सरांमुळे नाही.

बाबूजी या विषयावर पुन्हा कधी बोलले नाहीत. एकदाच बोलले. अंथरुणाला खिळले होते तेव्हा. माझ्याकडे न बघता विचारलं,

"तो पाद्री मास्तर... परमनंट झाला का गं?"

"नाही, बाबूजी."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी जेवले नाहीत.

काल धुळ्याला जाऊन आले. कंबर धरलीय. चर्चमध्ये मोजकीच माणसं. आमच्या वर्गातली मी एकटी, तेव्हासारखीच.

सरांचे हात छातीवर ठेवले होते. वर कुणीतरी पांढरा रुमाल नीट पसरला होता.

त्यांची मोठी मुलगी शेजारी उभी होती. तिला म्हटलं, "अगं, हात उघडे राहू देत."

तिने रुमाल उचलला, घडी केली, स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.

मग मला रडू आलं.

या सर. फार दमलात.

तुमच्या वर्गातल्या एकुलत्या एका मुलीचा नमस्कार.