सव्वाशेच्या काठावर रेयो

आमच्या गावात माणसं भांडत नाहीत, असं बाहेरचे लोक म्हणतात. साफ खोटं. भांडतात, फक्त बोलत नाहीत. रेयो तोल्वानेन आणि तायस्तो पिर्होनेन यांचं भांडण पाच महिने चाललं आणि त्यात दोघांची मिळून चाळीस वाक्यं झाली नसतील. हे मी छातीठोक सांगतो, कारण भांडणात पंच मीच होतो.

नुर्मेसला तळ्याकाठी आमची बारा घरांची बैठी सोसायटी. मी तिचा अध्यक्ष. शाळा फार झाली नाही माझी, पण नगरपालिकेनं गावभरचा बर्फ आमच्या अंगणात लोटायचं ठरवलं तेव्हा कायद्याची पुस्तकं उघडून त्यांच्या साहेबाला दोनदा हात हलवत परत पाठवणारा मीच. एवढा मी, आणि साउनाच्या पाळ्यांनी माझं नाक कापलं.

बारा घरांत साउना, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घ्यायची खोली, एकच. प्रत्येक घराला आठवड्यातून एक तास. त्यात मानाची पाळी शुक्रवारी संध्याकाळी सातची. आठवडा संपलेला असतो, दगड दुपारपासून तापून तयार असतात, दुसऱ्या दिवशी उठायची घाई नसते. चोवीस वर्षं ही पाळी हेल्वी कुओस्मानेन बाईंकडे होती. सप्टेंबरात बाई लेकीकडे राहायला गेल्या. त्यांचा पलंग अजून ट्रकात चढत होता, तेवढ्यात रेयो माझ्या दारात.

"अध्यक्ष, शुक्रवारची सातची मला दे."

त्याच्या खांद्यामागून आवाज आला, "मला."

तो तायस्तो. एल्क हरणांची शिकार करणारा, बायको सोडून गेलेला, रुंद मानेचा माणूस. म्हणाला, "मी आधी राहायला आलोय इथं." झालं त्याचं भाषण.

रेयोचं कारण लांब होतं. तीस वर्षं त्यानं गावची धुराडी साफ केली, आता घरी बसलेला. त्याची पाळी मंगळवारी तीनची. बायको ऐला औषधांच्या दुकानात, सुटते सहाला. म्हणजे मंगळवारी हा एकटा घाम गाळणार आणि गुरुवारी ती बायकांच्या सामाईक पाळीला जाणार. "अकरा वर्षं झाली," रेयो म्हणाला. "अकरा वर्षं मी साउनात भिंतीशी बोलतोय." इथं नवरा-बायको जे काही बोलतात ते त्या बाकावरच बोलतात. घरात बोलायला कारण काय? मला त्याचं पटलं. पण अध्यक्षाला पटून भागत नाही. मतदान घेतलं. हे दोघं सोडून आणि हेल्वी बाईंचं मत धरून दहा घरं, पाच-पाच.

दोघंही एकाच नेमबाजी क्लबातले. डोकं फिरलं माझं. मी ओरडलो, "मग घाला एकमेकांना गोळ्या! नाही, थांबा, पुठ्ठ्याला घाला! फेब्रुवारीच्या स्पर्धेत जो वर येईल त्याची पाळी!"

मी रागात बोललो होतो. ते दोघं मान हलवून घरी गेले.

ही स्पर्धा उभं राहून एका ठिपक्यावर नेम धरायची नव्हे. जुन्या खडीच्या खाणीत पिस्तूल घेऊन पळायचं, फळ्यांआडून पुठ्ठे टिपायचे, लोखंडी ताटल्या पाडायच्या. मिळालेले गुण भागिले लागलेला वेळ. रेयो त्रेसष्टचा. पायांनी वेळ वाचणार नव्हता. मग त्यानं ठरवलं, हातानं वाचवायचा. बंदुकीनं धक्काच दिला नाही, तर दुसरी गोळी लगेच सुटेल. पिस्तूल कसं हवं? मांजरासारखं.

इथून त्याची निवड सुरू झाली, आणि तिनं ऐलाचं स्वयंपाकघर गिळलं.

आधी पिस्तुलात बसवायच्या स्प्रिंगा. रेयोनं अकरा मागवल्या, पडद्याच्या दांडीला टांगल्या आणि प्रत्येकीला ऐलाच्या मुरंब्याच्या बाटल्यांची चिठ्ठी लावली. मी स्वतः वाचलंय: "मऊ", "जरा मऊ", "मऊ पण रागीट". मग नळीवरची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट. बर्फात नेमासाठी लाल ठिपक्याची बरी की हिरव्या? दोन्ही माश्या त्यानं कपड्यांच्या चिमट्यांवर बसवल्या आणि चार महिने खिडकीतून एका बर्चच्या झाडाकडे एक डोळा मिटून बघत बसला. झाड पलीकडच्या अंगणातलं. त्या घरच्या बाई माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या. मी म्हटलं, "बाई, कायद्यात झाडाकडे बघायला बंदी नाही." पिस्तुलाची मूठ घसरू नये म्हणून त्यानं तिच्यावर खरकागद चिकटवला. आठवडाभर सूप डाव्या हातानं प्यायला, उजव्या तळव्याला कातडी नव्हती.

पण खरा खेळ गोळीचा. या स्पर्धेत नियम असा: गोळीचं वजन गुणिले तिचा वेग, शून्यं उडवली की जो आकडा उरतो तो सव्वाशेच्या खाली जाता कामा नये. स्पर्धेत तुमच्याच मॅगझिनमधली आठ काडतुसं काढून तपासतात. आकडा खाली भरला, तर खुशाल पळा, गुण मिळणार नाहीत. शहाणा माणूस एकशे तीसवर थांबतो. पण आकडा जितका कमी तितका धक्का कमी, आणि रेयो शहाण्यांतला नव्हता.

तो घरीच काडतुसं भरायचा, परवान्यानं. गावातल्या तळघरातल्या नेमबाजीच्या खोलीत जाऊन वेग मोजायचा, घरी येऊन दारू चिमटीभर कमी करायचा, पुन्हा जायचा. एकशे तीस. एकशे अठ्ठावीस. सव्वाशेवर सहा दशांश उरले तेव्हा मी म्हटलं, "अरे, थोडी शिल्लक ठेव पदरात."

"सव्वाशे मागितलेत ना त्यांनी? सव्वाशे देतो. वरचं काय म्हणून द्यायचं?"

बाजारच्या गोळ्या वजनाला थोड्या मागंपुढं असतात. तेही त्याला खपेना. ऐलाच्या दुकानातला मोडीत काढलेला औषधी काटा आणून त्यानं तीन हजार गोळ्या एकेक करून तोलल्या आणि कॉफीच्या तीन डब्यांत घातल्या. निळ्यात हलक्या, पिवळ्यात मधल्या, लालमध्ये जड. स्पर्धेसाठी फक्त पिवळा डबा. "माझी एक गोळी दुसरीपेक्षा केसभर वेगळी निघाली," तो म्हणाला, "तर मी बर्फ खाईन."

तायस्तोची तयारी मी एकदा दुकानातच पाहिली. कुठली काडतुसं घेतलीस, असं विचारलं.

"पुढं होती ती."

"आणि स्प्रिंग?"

"आत आहे."

फेब्रुवारीतला तो शनिवार उजाडला शून्याखाली एकोणीसला. गारठ्यात दारू सुस्तावते, गोळी मंद होते, हे रेयोला ठाऊक होतं. म्हणून त्यानं सगळी काडतुसं ऐलानं विणलेल्या लोकरी मोज्यांत घालून पोटाशी बांधली होती. वर सदरा, वर स्वेटर, वर कोट. खाणीत आला तो दोन्ही हात पोटावर धरून.

तायस्तो शेकोटीवर सॉसेज भाजत होता. "कितवा महिना, रेयो?"

"शुक्रवारी मोकळा होतो," रेयो म्हणाला.

उबदार काडतुसांनी रेयो खरंच बरा खेळला. पिस्तूल मांजरासारखं गुरगुरत होतं. पण दुसऱ्या फेरीनंतर तपासणीवाल्यानं नियमाप्रमाणे त्याच्या मॅगझिनमधली आठ काडतुसं काढली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि लाकडी शेडमधल्या टेबलावर नेऊन ठेवली. शेडला दार नाही. टेबलावर वेग मोजायचं यंत्र, तराजू, थर्मास, आणि टेबलामागे तपासणी अधिकारी: ऐला तोल्वानेन.

होय, त्याचीच बायको. आमच्या क्लबात वीस वर्षं हे काम तीच करते. यंदा कुणीतरी कुरकुर केली तेव्हा तायस्तोच म्हणाला होता, "ऐला? सख्ख्या भावाला बाद केलंय तिनं. असू दे."

रांग मोठी होती. रेयोची पिशवी तासभर टेबलावर पडून राहिली. तो भोवती घिरट्या घालत होता.

"ऐला, गारठतायत ती. निदान मोजा तरी घाल वर."

"स्पर्धक क्रमांक चौदा," ऐला कागदावरून मान वर न करता म्हणाली, "तुम्ही रेषेच्या मागे उभे राहा." घरी ती त्याला अरे-तुरे करते.

"काखेत धर ना दोन मिनिटं!"

"स्पर्धकाची वस्तू अधिकारी काखेत धरत नाही."

आधी तायस्तोची तपासली. पहिलाच बार उडाला आणि शेडच्या छपरावरचा बर्फ खाली आला. आकडा एकशे एक्केचाळीस. "झालं?" म्हणून तो पुन्हा सॉसेजकडे गेला.

मग रेयोची. पहिल्या काडतुसातली गोळी उपसून तोलली. पुढची तीन यंत्रावरून झाडली. एकशे चोवीस दशांश पाच. रेयोचा चेहरा शेडबाहेरच्या बर्फाच्या रंगाचा झाला. नियमाप्रमाणे आणखी तीन झाडली आणि सहांतल्या उत्तम तीन वेगांची सरासरी काढली. एकशे चोवीस दशांश आठ.

दोन दशांश. पाच महिने, अकरा स्प्रिंगा, तीन हजार गोळ्या, आणि दोन दशांशासाठी शुक्रवारची सातची पाळी चालली तायस्तोकडे.

पिशवीत एकच काडतूस उरलं होतं. इथं नियम मोठा गमतीचा आहे. शेवटच्या काडतुसाचं काय करायचं ते स्पर्धकानं सांगायचं. झाडायचं, म्हणजे कदाचित वेग जास्त मिळेल. किंवा उपसून गोळी तोलायची. ती पहिलीपेक्षा जड निघाली, तर जड वजन धरून हिशेब पुन्हा मांडतात. दोन्ही होत नाही.

"झाडू की तोलू?" ऐलानं विचारलं. "एक मिनिट आहे."

चार महिने लाल की हिरवी ठरवू न शकलेल्या माणसाला एक मिनिट! शेडभोवती सगळे जमले. मीही मधे घुसलो. "झाड, रेयो! तोलून काय मिळणार? तूच सगळ्या सारख्या केल्यास ना!"

"अध्यक्ष, बाहेर," ऐला म्हणाली.

पण माझं खरंच होतं. आपल्या हातानं त्यानं तो दरवाजा बंद केला होता. तायस्तोच्या मुठीतली कुठलीही दोन काडतुसं उचला, गोळ्या लहान-मोठ्या निघतील. रेयोच्या निघणार नव्हत्या.

रेयो काडतुसाकडे बघत होता. मग त्यानं बायकोकडे बघितलं. ऐलाच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. तिनं हातातल्या पेनला टोपण लावलं आणि पेन टेबलावर सरळ ठेवलं.

"तोला," रेयो म्हणाला.

मागून कुणीतरी मोठ्यानं हसलं. तायस्तो सॉसेज धरून शेडच्या तोंडाशी आला. "वेडा झालास का रे?"

ऐलानं गोळी उपसली, ताटलीत ठेवली. काटा हलत राहिला, मग थांबला. तिनं पेनचं टोपण काढलं, गुणाकार केला, पुन्हा केला, आणि कागद आमच्याकडे फिरवला. एकशे पंचवीस दशांश चार.

मला वाटलं रेयो उडी मारेल. निदान टोपी फेकेल. तो वाकून ताटलीतल्या गोळीकडे बघत राहिला, आणि खालून त्याचा आवाज आला, "ही माझ्या पिवळ्या डब्यातली नाही."

"स्पर्धक पास," ऐला म्हणाली.

"ही लाल डब्यातली आहे! आणि पहिली निळ्यातली असणार! माझ्या डब्यांना कुणी हात लावला?"

"पुढचा स्पर्धक."

"मला हे मान्य नाही! मी तक्रार करणार!"

"अरे गाढवा," मी त्याची कॉलर धरली, "पास झालायस! स्वतःच्या पास होण्याविरुद्ध तक्रार करतोस?" ओढतच बाहेर आणला त्याला.

शेवटच्या फेरीत तायस्तोच्या पिस्तुलानं असा धक्का दिला की त्याची लोकरी टोपी डोळ्यांवर आली. ती सारखी करण्यात त्याचे चार सेकंद गेले. एकतीस जणांत रेयो बाविसावा आला, तायस्तो तेविसावा.

वाटाण्याच्या सूपची रांग लागली तेव्हा तायस्तो माझ्याजवळ आला. "तिनं त्याला खुणावलं."

"काय केलं तिनं?"

त्यानं टोपी कपाळावरून मागं सारली. "पेनला टोपण लावलं."

मी नियमांचं पुस्तक काढलं आणि तिथंच उभ्यानं पान न् पान चाळलं. पेनच्या टोपणाबद्दल एक अक्षर नाही. तसं सांगितलं. तायस्तोनं सूपमध्ये मोहरी कालवली आणि म्हणाला, "मंगळवारची तीनची रिकामी झाली ना? ती दे मला. माझ्या बुधवारच्या पाळीपेक्षा बरी."

रेयोला मी नंतर खोदून विचारलं. म्हणाला, "बत्तीस वर्षांचा संसार आहे. तिला काही लपवायचं असलं की ती हातातल्या वस्तूचं झाकण लावते. म्हटलं, गोळ्यांबद्दल हिला काहीतरी ठाऊक आहे."

पुढच्या शुक्रवारी रात्रभर पडलेला बर्फ साउनाच्या दाराशी साचला होता. तो काढायचं काम अध्यक्षाचं. नसलं तरी मी ते त्या दिवशी करायला घेतलं. सातला पाच मिनिटं असताना दोघं टॉवेल घेऊन आले, माझ्याकडे न बघता आत गेले. मी फावडं चालवत राहिलो. भिंत पातळ आहे.

 मग दगडांवर पाणी पडल्याचा चर्र आवाज झाला.

"कधी?" रेयोचा आवाज.

"नाताळाच्या साफसफाईला. फडताळ पुसताना कोपर लागलं."

चर्र.

"निळा सांडला?"

"निळा."

चर्र.

"आणि लाल?"

"लालपण, पिवळाही. सगळ्या एकत्र झाल्या होत्या जमिनीवर. भरल्या परत अंदाजानं."

यावेळी पाणी पडलं नाही. मी फावडं थांबवलं. पाच महिने मी यासाठी डोकं फोडून घेतलं, आणि पहिल्याच शुक्रवारी हा माणूस उठून बाहेर येतो की काय?

"रंगावर तरी गेली असतीस," रेयो म्हणाला.

"गोळ्या सगळ्या एकाच रंगाच्या असतात, रेयो."

आत बादलीत डाव खुळखुळला.

"सरक," शेवटी तो म्हणाला. "वरच्या बाकावर दोघांना जागा आहे."

चर्र झालं, आणि खिडकीच्या काचेवर वाफ धरली. मी पुन्हा बर्फ काढायला लागलो. त्यांचा तास आठला संपत होता, आणि आठची पाळी माझी होती. सव्वाआठपर्यंत मी दारात टॉवेल घेऊन उभा होतो.