डोंगलला चंदन

सॉफ्टवेअरच्या डीलरने तीन पर्याय मांडले होते. लायसन्स एकाच संगणकाला बांधून घ्या, नाहीतर नेटवर्कवर ठेवा, नाहीतर डोंगल, म्हणजे पेनड्राइव्हसारखी किल्ली घ्या; ते ज्या संगणकाला लावाल तिथे काम चालेल. गुम्मिडिपूंडीतल्या आमच्या पत्राकामाच्या वर्कशॉपमध्ये संगणक दोन आणि इंटरनेट लहरी. मी डोंगल घेतलं. ते लावलं नाही तर सॉफ्टवेअर पेटीचं चित्र काढू देतं, पण ती पेटी उलगडून पत्रा कुठे कापायचा, कुठे वाकवायचा ते सांगत नाही. आणि आम्ही तर त्याचंच खातो.

खंडेनवमीला, म्हणजे इथल्या दक्षिणेतल्या आयुधपूजेला, फोरमनने सकाळी सगळी हत्यारं मांडली. कात्र्या, पाने, व्हर्निअर. मीही हौसेने डोंगल दिलं. पूजेनंतर दुसऱ्या दिवसापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हे मला पाठ होतं. तरी दिलं.

दुपारी पुण्याहून ग्राहकाचा फोन. इलेक्ट्रिक पॅनलच्या पेट्यांची त्याची पहिलीच ऑर्डर, आणि आमच्यासाठी सगळ्यात मोठी. "झाकणाची घडी पाच मिलिमीटर वाढवा. सहापर्यंत नवं ड्रॉइंग आलं नाही, तर काम दुसऱ्याला देतो." त्याला आज सुट्टी नव्हती.

मी पूजेकडे गेले. फोरमन आडवा आला.

"अक्का, हत्यारं झोपलीत."

"डोंगल हत्यार नाही. सॉफ्टवेअर आपलं नाहीच, वापरायची नुसती परवानगी घेतलीय. ही ती परवानगी."

"मग सकाळी परवानगीची पूजा कशाला करायला लावलीत?"

मी केळीच्या पानावरून डोंगल उचललं आणि संगणकाला लावलं. काही नाही. पठ्ठ्याने भक्तिभावाने त्याच्या तोंडात चंदन भरलं होतं.

डीलरला फोन केला. तो घरी पूजेच्या प्रसादाचं सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ खात होता.

"चंदन वॉरंटीत बसत नाही, मॅडम."

"तात्पुरतं लायसन्स द्या."

"देतो की. पण त्यात पत्रा उलगडायचा भाग नसतो."

मी केसातली पिन काढून खरवडायला लागले, तसं फोरमनने डोंगल हिसकावून घेतलं.

"मोडाल!"

"हात लावायचा नाही ना?"

"पुसणं म्हणजे वापरणं नव्हे. ती सेवा."

स्पिरिट आणि जुना टूथब्रश घेऊन त्याने अर्धा तास सेवा केली. पुन्हा लावलं, तर दिवा लागला. त्याने तोंड वाकडं केलं. "उठलंच आहे तर करा काम. पण मशीन उद्याच."

पावणेसहाला ड्रॉइंग गेलं. ऑर्डर राहिली.

यंदा लायसन्सचं नूतनीकरण करताना डीलर म्हणाला, डोंगल आता जुनं झालं, नेटवर्कवर या. फोरमन शेजारीच होता. त्याने विचारलं, "मग चंदन कशाला लावायचं?"

मी डोंगलच ठेवलं. त्याच्यासाठी नव्हे, इंटरनेट अजून तसंच आहे. आता ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून पूजेला देते. संध्याकाळी सहानंतर.