पांढरी गोळी, गुलाबी गोळी

वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या पलंगापाशी उभं राहून मी कोलेस्टेरॉलच्या गोळीवर चांगलं भाषण ठोकलं. रोज रात्री घ्यायची, हृदयासाठी असते, वगैरे. पलंगावरच्या म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मस्त सांगून राह्यले बाबू. पन पेशंट माहा भाई हाय. थो चहा प्याले गेला."

अख्खा वॉर्ड हसला. आमच्याकडे पलंग रिकामा दिसला की सोबतचा माणूस आडवा होतो. दवाखान्याच्या खिडकीतून औषधं वाटून केस पिकले, तरी मला हे कळू नये!

पेशंट आले ते भिंत धरून. पांढरकवड्याकडचे, कापूस पिंजून गाद्या भरणारे पिंजारी चाचा, हृदयाचा झटका येऊन गेलेले. कापूस मातीमोल झालेली ती वर्षं, तरी गादी भरून घ्यायला कुणी येत नव्हतं. कुणी आलंच तर चाचांना उकिडवं बसवत नव्हतं, इतक्या मांड्या ठणकत. हे गोळीनंच होतं म्हणून त्यांनी ती सोडली होती. पुन्हा घेणार नाही म्हणत होते. आणि गोळीवाचून दुसरा झटका कधीही आला असता.

मी त्यांची औषधांची थैली उघडायला लावली. दोन पत्ते निघाले, एक पांढऱ्या गोळ्यांचा, एक गुलाबी. नावं दोन, औषध एकच; दुप्पट पोटात गेलं की मांड्या ठणकणारच.

"दोन्ही घेत होते का, चाचा?"

"हौ. सरकारी गोली फुकटची, तिच्यात ताकद कमी. म्हनून वरतून दुकानातली."

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी रक्त तपासलं, गोळी आणखी काही दिवस बंदच ठेवली, मग एकच आणि कमी ताकदीची लिहिली.

इकडे मला दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी बोलावलं. "औषधवाल्यानं खिडकी सोडायची नाही. पुन्हा वॉर्डात दिसलात तर लेखी खुलासा घेईन."

साहेबांसमोर माझी मान फार आज्ञाधारक. ती डोलली. पाय मात्र दुसऱ्या दिवशी वॉर्डातच गेले, तिसऱ्या दिवशीही.

एका सकाळी चाचा पलंगाशेजारी उकिडवे बसले आणि आधार न घेता उठले. मी कमी ताकदीच्या गोळ्यांचा नवा पत्ता पुढे केला.

"आन् पाय पुन्हा दुखले तं?"

"तं गोळी फेकू नका, मले सांगा. मी येतोच."

"तुमाले तं खिडकीत बसवलं म्हन्तेत."

"खिडकीतून तुमचे पाय दिसत नाहीत, चाचा."

त्यांनी पत्ता सदऱ्याच्या खिशात घातला आणि गुलाबी माझ्या हातावर ठेवला.

संध्याकाळी साहेबांनी मागितलेल्या खुलाशाचा कागद घरी नेला. काय लिहू, म्हणून बायकोला विचारलं.

"लिहा ना, उद्याही जातो म्हनून," ती म्हणाली. "फक्त पलंगावर कोन हाय, थे आंधी इचारत जा."