आबांच्या भाल्याची घुंगरं

सबंध खानदेशात आमच्या आबांइतका वाईट आजारी माणूस झाला नाही आणि होणार नाही. आबा खापर गावचे डाकवाले. मी तिथल्या शाळेचा मास्तर, आणि शाळेच्याच एका कोपऱ्यातलं टपालही मीच सांभाळायचो, म्हणजे कागदोपत्री आबांचा साहेब. पण ते माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, त्यामुळे साहेबी कधी अंगी लागली नाही. पाठीवर थैली, हातात घुंगरांचा भाला घेऊन मोलगीच्या वाटेवरच्या पहिल्या चौकीपर्यंत धावायचं, थैली पुढच्या डाकवाल्याला द्यायची, तिकडची घेऊन परत धावायचं, हे त्यांचं काम. कामाबाहेरही त्यांना चालणं म्हणून जमायचं नाही. वरातीत ते नवरदेवाच्या आधी मांडवात पोचत. मयताला गेले तर भाऊबंद त्यांचा सदरा धरून ठेवत, न जाणो तिरडीच्याही पुढे निघायचे.

अशा माणसाने एका बाजाराच्या दिवशी कुणा पाटलाच्या दमणीशी शर्यत लावली, तीही पाठीवर टपाल असताना. बैल उमदे होते, पण आबा पुढे राहिले, आणि शाळेच्या दारात टाचेमागची शीर तटकन गेली. मी धावत गेलो तर जमिनीवर पडल्या पडल्या विचारतात, "मी जिकनू ना, मास्तर?"

मग सुरू झाला तो छळ. हळद-चुना झाला, रुईची पानं शेकून झाली, मोहाच्या तेलाने चोळून झालं. डोंगरातल्या हाडवैद्याने चाळीस दिवस खाट सोडू नका म्हटलं, तर आबांनी चौदाव्या दिवशीच भाला उचलला. "मी पयस, मन्हा दिन बी पयतस," म्हणाले, म्हणजे मी पळतो तसे माझे दिवसही पळतात. आमच्या गावात डाकवाल्याचा पाय डोळ्यांनी कुणी बघत नसे, कानांनी ऐकत. प्रत्येक पावलाला भाला हिसका खाई आणि घुंगरं वाजत. सारखी वाजली की पाय धड. रोज सकाळी आबा पाय अजमावत शाळेवरून जात, मी हजेरीपटातून मान न काढता ऐके, आणि एक ठोका मोठा, एक लहान ऐकून म्हणे, "अजून लंगडतंय. उद्या, आबा." तेवढ्यावर त्यांचा आवाज असा पडे की मला वर्गात शिकवणं नको होई. धावायचं नाही तर हे हातपाय दिले कशाला, असं ते देवाला मोठ्याने विचारत.

अशातच कचेरीचा हुकूम आला: महिनाअखेर डाकवाला कामावर नसेल तर सध्या त्याच्या जागी धावणारा बदलीचा माणूस कायम करावा. पाय बरा की नाही, ते मी लिहून द्यायचं. शेवटच्या दिवशी सकाळी घुंगरं आली. छुन, छुन, छुन. एकसारखी, अगदी पूर्वीची. मला इतका आनंद झाला की दौत लवंडली. मी तसाच लिहून बसलो: डाकवाला कामास योग्य.

दुसऱ्या दिवशी आबा थैली घेऊन निघाले आणि दुपारी लाकडांच्या गाडीत आडवे होऊन परत आले. नाल्यापलीकडे शीर पुरती तुटली होती. थैली मात्र छातीशी धरलेली. त्यांची बायको, आमची जिजी, दारात उभी राहून मला म्हणाली, "आठ दिन खाटवर बशीसन भाला हालावत व्हतात, मास्तर. मनगटले सवय लावत व्हतात. तुमी एकदाव पायकडे तरी देखतात!"

मी नुसता ऐकत बसलो होतो. मान वर केली असती तर ते लंगडणं आंधळ्यालाही दिसलं असतं. हे मला आजही सुखाने जेवू देत नाही.

बदलीचा माणूस कायम झाला. त्याचा हुकूम आबांना दाखवायचं मला धैर्य झालं नाही, आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. ते रोज सकाळी काठी टेकत शाळेच्या दाराशी येतात. "मास्तर, आते पयू?"

"उद्या, आबा," मी म्हणतो.

"सकाय मंग," म्हणून ते समाधानाने वळतात. शाळेपासून त्यांचं घर चार घरं सोडून आहे, आणि ते गाठायला त्यांना अर्धा तास लागतो. मी हजेरीपट मिटून, मान वर करून, ते आत जाईपर्यंत त्यांच्या पायांकडे बघत असतो.