काकांची मूळ संख्या

मी ज्यांच्याकडे पोळ्या लाटते, त्या सदाशिव पेठेतल्या काकांनी एक लांबलचक संख्या कॉम्प्युटरला तपासायला दिली होती. तिला कशानेच भाग जाऊ नये, एवढीच त्यांची आस. बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तसे ते महिनाभर त्याच्याशेजारी बसले. फ्यूज उडेल म्हणून काकूंना मिक्सरही लावू देत नसत.

आज उत्तर आलं. भाग जातो.

“कशानं?” मी धीर करून विचारलं.

“ते त्याला कळत नाही. जातो, एवढं नक्की.”

“म्हणजे चोरी झाली, पण चोर माहीत नाही,” काकू म्हणाल्या.

काका उठले आणि मयताची बातमी आल्यासारखी डोक्यावरून आंघोळ करून आले.

“सुतक किती दिवस?” काकूंनी विचारलं.

“लांबचं नातं. आंघोळीवर सुटलं,” म्हणत ते ओल्या डोक्यानंच पुढची संख्या लावायला बसले.